दैवतांचे स्थलांतर आणि देवालयातील मांडणी : कामठीच्या संदर्भात एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशातील हिंदू देवालयांविषयी गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, त्यात एका विशेषाचा निर्देश हटकून आढळतो. तो विशेष म्हणजे एकाच छपराखाली नांदणारी अनेक दैवते. शिव आणि विष्णू, वेंकटेश आणि गणपती, दुर्गा, मुरुगन, अय्यप्पन, राम, कृष्ण आणि हनुमान यांची स्वतंत्र गर्भगृहे एकाच सभामंडपाभोवती मांडलेली पाहून अभ्यासक दोनपैकी एका निष्कर्षाकडे वळतात. पहिला निष्कर्ष असा की, ही आगमशास्त्राशी केलेली तडजोड आहे. पैसा थोडा, भक्त निरनिराळ्या प्रांतांचे आणि पुजारी मोजके, म्हणून सर्वांची सोय एका वास्तूत लावावी लागली. दुसरा निष्कर्ष याच्या उलट टोकाचा आहे. ही तडजोड नसून समन्वय आहे. मायदेशी जे भेद मिटले नाहीत ते परदेशात मिटले आणि हिंदू धर्माचे मूळचे उदार स्वरूप तेथे प्रकट झाले, असे हा पक्ष मानतो.

दोन्ही पक्षांचा सूर वेगळा असला तरी त्यांचे गृहीत एकच आहे. दैवतांचे बाहुल्य हा परदेशगमनाचा परिणाम आहे, असे दोघेही धरून चालतात. तसेच दोघांचीही दृष्टी दैवतांच्या संख्येवर खिळलेली असते. त्या दैवतांची परस्परसंबद्ध मांडणी कशी आहे, ती कोणी ठरविली आणि तिच्यात कोणाला स्थान मिळाले नाही, या प्रश्नांकडे ते क्वचितच वळतात. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी परदेशातील देवालयांच्या जोडीला नागपूरच्या ईशान्येस सुमारे सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठी या छावणीच्या गावाचे उदाहरण घेतले आहे. ही निवड वरवर विसंगत वाटेल. परंतु दैवते आपला प्रदेश सोडून दुसऱ्या भूमीत जातात तेव्हा काय घडते, हा प्रश्न समुद्रोल्लंघनापुरता मर्यादित नाही. कामठीत तो दोनदा, दोन भिन्न दिशांनी उपस्थित झालेला आहे.

२. परदेशातील देवालय : न्यास, सभासद आणि मांडणी

अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर भारतीय डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापक मोठ्या संख्येने स्थायिक होऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये ‘हिंदू टेंपल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली आणि फ्लशिंग येथील तिच्या गणपती देवालयाची प्रतिष्ठा १९७७ मध्ये झाली. पिट्सबर्गजवळ पेन हिल्स येथील वेंकटेश्वर देवालय हे त्याच दशकातले. राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात, मेरिलँडमधील लॅनहम येथे जे विस्तीर्ण देवालय आहे त्याचे नावच ‘शिव-विष्णू’ असे आहे. पिट्सबर्गच्याच मनरोव्हिल या उपनगरात हिंदू-जैन देवालय असून तेथे हिंदू दैवतांच्या शेजारी तीर्थंकरांचीही प्रतिष्ठा केलेली आहे.

या देवालयांचा विचार करताना त्यांच्या कायदेशीर स्वरूपाकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. भारतातील जुन्या देवालयाला एक स्थलमाहात्म्य असते. अमुक डोंगरावर, अमुक नदीच्या वळणावर, अमुक भक्तासाठी देव प्रकट झाला, म्हणून देऊळ तेथे उभे आहे, असे त्या कथेचे तात्पर्य असते. पुढे राजाने वा सरदाराने इनाम दिले, पुजाऱ्यांची घराणी ठरली, उत्सवाचे मानकरी ठरले. देवाचे स्थान आधी आणि व्यवस्था नंतर, असा हा क्रम आहे. अमेरिकेतील देवालयात हा क्रम उलटा होतो. तेथे प्रथम संस्था नोंदविली जाते, घटना लिहिली जाते, सभासद जमविले जातात, जागा विकत घेतली जाते, नगरपालिकेकडून बांधकामाची परवानगी मिळविली जाते, आणि देव कोणता बसवावयाचा हा प्रश्न या सर्वांच्या मध्ये कोठे तरी सभेपुढे येतो. देव ठरविण्याचा अधिकार स्वप्नदृष्टांताकडून कार्यकारी समितीकडे येतो.

देव सभेत ठरत असेल, तर सभेत जितके गट तितक्या मागण्या येणार, हे उघड आहे. तेलुगू भाषकांना वेंकटेश हवा, तमिळांना मुरुगन हवा, केरळीयांना अय्यप्पन हवा, उत्तर भारतीयांना राधाकृष्ण वा रामपंचायतन हवे. वर्गणी सर्वांकडून घ्यावयाची असल्याने कोणालाही नकार देणे अवघड होते. म्हणून अनेक देवालयांत एक मुख्य गर्भगृह आणि भोवती परिवारदेवता अशी जुनी रचना ढिली होऊन स्वतंत्र गर्भगृहांची समांतर रचना पुढे येते. प्रत्येक देवाची प्रतिष्ठा त्याच्या त्याच्या आगमाप्रमाणे होते, पुजारी आणि स्थपती बहुधा भारतातून आणले जातात. तेव्हा शास्त्राशी तडजोड झाली, असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. विधीच्या पातळीवर शास्त्र काटेकोरपणे सांभाळले जाते. बदल होतो तो देवांच्या परस्परसंबंधात.

या समांतर रचनेलाही परदेशगमनाचा अटळ नियम मानता येत नाही. मॉरिशसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात गिरमिट पद्धतीने जे मजूर गेले त्यांत कोकणातून, मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी भाषक होते. त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थी साजरी करतात, गोंधळ आणि जाखडीची परंपरा सांभाळतात. गणेशचतुर्थी ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी आहे. परंतु मॉरिशसमध्ये मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी-भोजपुरी भाषकांची देवालये व त्यांचे महासंघ वेगवेगळे राहिले. अनेक दैवते आहेत, पण ती भाषिक समाजांनुसार वेगवेगळ्या वास्तूंत विभागलेली आहेत. परदेश तोच, समुद्र तोच, तरी निष्पत्ती निराळी. तेव्हा एका छपराखाली अनेक देव येणे हे समुद्र ओलांडल्यामुळे घडत नाही. विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट कायद्याखाली चालणाऱ्या संस्थेमुळे ते घडते.

३. मायदेशातील पूर्वपीठिका

आता दुसरे गृहीत. मायदेशात एक देऊळ म्हणजे एक देव, असा नियम होता काय? स्मार्त परंपरेतील पंचायतन पूजेत शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती ही पाच दैवते एकत्र पूजिली जातात आणि उपासकाच्या इष्टदेवतेप्रमाणे मधले स्थान बदलते. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या घराचे देवघर पाहिले तर त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण, गणपती आणि कुलदैवताचे टाक एकाच देव्हाऱ्यात दिसतात. म्हणजे दैवतबाहुल्य घरोघरी होते. फरक इतकाच की, घरातील बाहुल्यास कुलाचार बांधून ठेवीत असे. देव अनेक असले तरी कुलस्वामिनी एक, आणि ती ठरविण्याचा अधिकार घरातील कोणाही व्यक्तीला नसे.

देवळांच्या बाबतीत विदर्भातील जवळचे उदाहरण रामटेकचे आहे. रामटेकच्या टेकडीवर पाचव्या शतकातील वाकाटककालीन नरसिंहाची देवळे आहेत. वराह आणि त्रिविक्रम यांच्याही मूर्ती तेथे आहेत. नंतरच्या काळात राम आणि लक्ष्मण यांची स्वतंत्र देवळे उभी राहिली आणि आज टेकडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पायथ्याशी शांतिनाथाचे जैन तीर्थ आहे. लॅनहमच्या वा मनरोव्हिलच्या देवालयातील दैवतांची यादी आणि रामटेकच्या परिसरातील दैवतांची यादी यांत संख्येच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अंतर आहे ते काळाचे. रामटेकला देव एकामागून एक आले. प्रत्येकामागे एक राजवट, एक संप्रदाय वा एक भक्तसमाज होता, आणि नव्या देवाला आधीच्या देवाशी आपले नाते कथेच्या द्वारा जुळवून घ्यावे लागले. पंधराशे वर्षांत साठलेल्या या थरांना एक अंतर्गत क्रम आहे. परदेशातील देवालयात तेच बाहुल्य एका पिढीत, काही सभांच्या निर्णयाने सिद्ध होते. तेथे कथेला वेळच मिळत नाही. देव शेजारी असतात, परंतु त्यांचे नाते सांगणारी स्थानिक कथा नसते.

रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात एका दैवताच्या ठायी अनेक उपासनांचे प्रवाह कसे एकवटतात हे दाखविले. परदेशातील देवालयांना समन्वयाची उदाहरणे म्हणणाऱ्यांनी हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ढेऱ्यांच्या अर्थाने समन्वय म्हणजे अनेकांचे एकात विलीन होणे. त्यात गोपजनांचा देव वैष्णवांचा देव होतो आणि दोहोंच्या खुणा एकाच मूर्तीच्या कथेत उरतात. समांतर गर्भगृहांत असे काही घडत नाही. तेथे प्रत्येक देव आपल्या पूर्ववत रूपात, जवळजवळ अस्पर्शित राहतो. त्यास सहवास म्हणावे. समन्वय म्हणणे हा शब्दाचा शिथिल वापर होय.

४. बंदर आणि छावणी

या विषयावरील आधुनिक ग्रंथांत जोआन वॅगहॉर्न यांचा ‘डायस्पोरा ऑफ द गॉड्स’ (२००४) हा महत्त्वाचा आहे. परदेशातील देवालयांचे मूळ परदेशात न शोधता त्यांनी ते अठराव्या शतकातील मद्रासमध्ये शोधले, ही त्या ग्रंथाची मोठी कामगिरी. कंपनीच्या त्या व्यापारी नगरात दुभाष्यांनी आणि धनिक व्यापाऱ्यांनी नवी देवळे बांधली. दूरच्या क्षेत्रांतील देवांच्या प्रतिरूपांची प्रतिष्ठा केली. शैव आणि वैष्णव देवळे शेजारी उभारली. वॅगहॉर्न यांच्या मते नागर मध्यमवर्गाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या समितीने चालविलेले देवालय हा प्रकार तेथेच आकारास आला आणि पुढे तो लंडन-वॉशिंग्टनपर्यंत गेला. दैवतबाहुल्य हा परदेशगमनाचा परिणाम नाही, हे या विवेचनाने पुष्कळ अंशी सिद्ध होते, आणि तेवढ्यापुरते ते स्वीकारार्ह आहे.

त्याची मर्यादा मात्र अशी की, त्यात देवांचा प्रवास बंदराबंदराने आणि व्यापाऱ्याच्या थैलीबरोबर होतो. कंपनीच्या राज्यात मद्रासहून बाहेर पडणारा दुसरा एक मोठा प्रवाह होता, तो पलटणींचा. कामठी हे त्या प्रवाहाचे ठाणे होय. १८१६ च्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी तैनाती फौज स्वीकारली. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. ही फौज मद्रास सेनेची होती. १८५७ च्या उठावातही नागपूर-कामठीतील मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. इलाख्यांच्या स्वतंत्र सेना १८९५ मध्ये मोडीत निघाल्या, परंतु तोपर्यंत पाऊणशे वर्षे मराठी-गोंड प्रदेशाच्या मधोमध तेलुगू आणि तमिळ भाषकांची ही वसाहत नांदत होती.

मद्रास सेनेची एक रीत येथे निर्णायक ठरते. तिचे शिपाई आपली कुटुंबे बरोबर घेऊन ठाण्याठाण्यावर जात. पलटण हलली की बायकामुले, नातलग आणि बाजारबुणगे यांचा तांडा बरोबर हलत असे. पुरुष एकटा गेला तर तो फार तर आपल्या देवाचे नाव नेतो. कुटुंब गेले की व्रते, नवस, गोवर-देवीच्या साथीत करावयाची पूजा, बारशा-लग्नाचे आचार आणि ते सांभाळणाऱ्या स्त्रिया जातात. छावणीत येणारी उपासना म्हणून वेगळ्या जातीची असते. तिच्यामागे व्यापाऱ्याची प्रतिष्ठा नसते. तिच्यामागे आजारपण, बदलीचा हुकूम आणि अनिश्चित आयुष्य असते. मद्रासचा व्यापारी मोठ्या क्षेत्राची प्रतिकृती उभारून आपले स्थान दाखवितो. शिपायाचे कुटुंब मात्र गावच्या वेशीवरल्या देवीला बरोबर नेते, कारण संकट तिच्याच अधिकारातले असते.

ही तुलना पुढे नेली तर परदेशातील देवालयांचाही एक उपेक्षित भेद स्पष्ट होतो. गिरमिटाच्या काळात मॉरिशस, रियुनियन, नाताळ आणि फिजी येथे गेलेल्या तमिळ मजुरांनी मरिअम्मनची देवळे बांधली आणि अग्नीवरून चालण्याचे नवस तेथे चालू ठेवले. एक शतकानंतर अमेरिकेत गेलेल्या सुशिक्षित वर्गाने मुख्यतः पुराणप्रसिद्ध आणि क्षेत्रप्रसिद्ध देव नेले. मराठी कुटुंबांच्या बाबतीतही हेच दिसते. अमेरिकेत आणि इंग्लंडात मराठी माणसांचे संघटन देवळापेक्षा मंडळाभोवती अधिक झाले; लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आणि उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. त्या मंडळांच्या सभागृहांत गणपती येतो आणि विसर्जित होतो. खंडोबाचा वा भवानीचा टाक घरच्या देव्हाऱ्यात राहतो. म्हसोबा, मरीआई, वेताळ मात्र सहसा सीमेपलीकडे जात नाहीत. बाहुल्याची स्तुती करताना हे बाहुल्य आधीच निवडलेले आहे, हे विसरले जाते.

छावणीने आणखी एक नमुना दिला. पलटणीत देव समितीने ठरत नसून सरकारी व्यवस्थेने ठरतो. भारतीय सेनेत धर्मगुरू हे पद आहे आणि निरनिराळ्या धर्मांच्या जवानांसाठी ‘सर्वधर्म स्थळ’ ही कल्पना रुजलेली आहे. कामठी हे आज ज्या गार्ड्स ब्रिगेडचे केंद्र आहे, ती १९४९ मध्ये उभारलेली, सर्व प्रांतांतील व जातींतील जवानांना एकत्र घेणारी पहिली पायदळ रेजिमेंट होय. तेव्हा एका छपराखालील अनेक उपासना हे दृश्य ज्याला पाहावयाचे आहे त्याने मेरिलँडलाच गेले पाहिजे असे नाही. न्यासाचे बाहुल्य वर्गणीतून येते, छावणीचे बाहुल्य शिस्तीतून येते. दोन्ही ठिकाणी देवांना शेजार मिळतो तो त्यांच्या कथेमुळे मिळत नाही.

कामठीचा पुढील इतिहास या दृष्टीने मननीय आहे. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती ३८,८८८ होती आणि ती १८८१ पासून सारखी घटत आली होती. रेल्वेमुळे व्यापार नागपूरकडे वळला, फौज कमी झाली. बंदरातील देवालय व्यापाराबरोबर वाढते. छावणीतील देवालय फौज गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या हाती पडते. परदेशातील देवालयांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांना मद्रासपेक्षा कामठीचे हे उदाहरण अधिक शिकविणारे ठरेल. संस्थापकांची पिढी ओसरल्यावर आणि मुलांची भाषा बदलल्यावर ती गर्भगृहे कोणाच्या कथेने जिवंत राहतील, हा प्रश्न तेथेही उभा राहावयाचा आहे.

५. उलट प्रवास : जपानहून कामठीस

कामठीत दैवतांचे दुसरे आगमन १९९९ मध्ये झाले. त्या वर्षी ओगावा सोसायटीने, जपानी दात्याच्या साहाय्याने, ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार येथे उभारले. त्याच्या प्रार्थनागृहात चंदनाच्या लाकडात कोरलेली बुद्धमूर्ती आहे. भारतीयांनी परदेशात देऊळ बांधण्याची प्रक्रिया येथे उलटी झाली आहे. परदेशात वाढलेली एक उपासना भारतातील एका छावणीच्या गावात वास्तुरूपाने आली.

या घटनेचा अर्थ कळण्यासाठी जपानमधील भारतीय दैवतांकडे पाहिले पाहिजे. सरस्वती तेथे बेन्झाइतेन या नावाने नांदते. एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा ही तिची प्रसिद्ध स्थाने. महाकाल दाइकोकुतेन झाला आणि त्याचे उग्र रूप जाऊन तो तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला हसतमुख देव बनला. कुबेर अर्थात् वैश्रवण हा बिशामोनतेन झाला. हे तिघेही जपानच्या सात भाग्यदेवतांत मोडतात. गणपती कांगितेन झाला. त्याची मूर्ती बहुधा पडद्याआड ठेवली जाते, आणि इकोमा येथील होझान-जी हे त्याच्या उपासनेचे मोठे केंद्र आहे. इंद्र ताइशाकुतेन झाला आणि तोक्योतील शिबामाता येथे १६२९ मध्ये स्थापन झालेले देवालय त्याच्या नावाने ओळखले जाते.

ही दैवते नेण्यासाठी भारतीयांची वसाहत जपानात गेली नव्हती. ती सूत्रग्रंथांबरोबर, मंडलचित्रांबरोबर आणि भिक्षूंबरोबर, चीनमार्गे गेली. सुवर्णप्रभाससूत्रात सरस्वती आहे म्हणून ती गेली. ८०६ मध्ये चीनहून परतलेल्या कूकाई या आचार्याने आणलेल्या मंडलांत भारतीय देव होते म्हणून ते गेले. ग्रंथाने नेलेला देव नव्या भूमीत रूप बदलतो, कारण त्याचे जुने रूप सांभाळणारा समाज त्याच्याबरोबर नसतो. समाजाने नेलेला देव रूप बदलत नाही, कारण तो समाज त्याच्याच द्वारा स्वतःला ओळखत असतो. अमेरिकेतील वेंकटेश तिरुपतीसारखा दिसलाच पाहिजे. जपानमधील महाकालावर असे बंधन नव्हते. दैवतांच्या स्थलांतराचा कोणताही सिद्धांत मांडताना वाहकांचा हा भेद मुळाशी ठेवला पाहिजे.

ड्रॅगन पॅलेस या नावातही एक दीर्घ प्रवास दडलेला आहे. चिनी भाषांतरकारांनी संस्कृत ‘नाग’ या शब्दासाठी आपला ड्रॅगनवाचक शब्द योजला. सद्धर्मपुंडरीक सूत्रात समुद्रातील सागर नागराजाच्या आठ वर्षांच्या कन्येस बुद्धत्व प्राप्त झाल्याची कथा आहे. पूर्व आशियात ती ड्रॅगनराजाची कन्या झाली. नामकरणामागील हेतू काहीही असो, नागाचा ड्रॅगन होऊन तो जेथे परतला तो प्रदेश नागपूरचा आहे, आणि १९५६ मध्ये धर्मांतरासाठी नागपूर निवडण्याचे कारण सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन नागांचाच दाखला दिला होता.

६. बाहुल्य आणि नकार

येथे विवेचनाचा सर्वांत कठीण भाग येतो. जपानमधील बौद्ध परंपरेत ब्रह्मा, इंद्र, सरस्वती, महाकाल हे सर्व आहेत. जपानहून कामठीस आलेल्या वास्तूत प्रार्थनेचे केंद्र मात्र बुद्ध आहे. हे योगायोगाने घडले नाही. ज्या समाजात ही वास्तू आली त्याने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानणे, राम आणि कृष्ण यांची उपासना न करणे, गौरी-गणपती आदी देवतांना न मानणे आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मत नाकारणे, हा त्या प्रतिज्ञांचा आरंभ आहे. कामठी हे या चळवळीचे जुने ठाणे. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते बाबू हरदास (१९०४–१९३९) कामठीचे. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभारली जाऊ लागली तेव्हा तिची दुसरी पलटण कामठीसच उभी राहिली.

बाहुल्यालाच उदारता समजणाऱ्या विचारापुढे हा नकार एक प्रश्न उभा करतो. अनेक देवांच्या मांडणीत बुद्धालाही एक कोनाडा देता येतो. दशावताराच्या पट्टिकेत तो नववा म्हणून बसतोच. देणाऱ्याच्या दृष्टीने हे औदार्य आहे. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते आपल्या नकाराचे विसर्जन आहे, कारण मांडणीचा क्रम देणाऱ्याने ठरविलेला असतो. ज्या देवांच्या दारात पिढ्यानुपिढ्या प्रवेश नव्हता, त्यांच्या पंक्तीला आपला शास्ता बसविला गेला, तर त्या समाजाने त्यास समन्वय का म्हणावे? सर्वांना सामावून घेणारी रचना आक्षेपालाही सामावून घेऊ पाहते तेव्हा ती आक्षेपाचा अर्थच हिरावून घेते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मनरोव्हिलच्या देवालयात जैनांनी स्वतः संस्थेचे घटक होऊन आपल्या तीर्थंकरांची प्रतिष्ठा केली. देवालयाच्या नावातही त्यांचे नाव स्वतंत्रपणे आले. तेथे शेजार दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरला. म्हणजे समांतर मांडणी स्वभावतः दोषपूर्ण आहे असे नव्हे. मांडणीत ज्याला स्थान मिळते त्याने ते स्वतः मागितले काय, आणि स्थान नाकारण्याचा अधिकार त्याला आहे काय, यावर तिचे मूल्य ठरते. दैवतबाहुल्य सहिष्णुतेचा पुरावा केव्हा होते? जेव्हा त्यात एकच देव मानण्याची वा देवच न मानण्याची मुभा शेजाऱ्याला राहते तेव्हा. ही कसोटी संख्येने लागत नाही.

७. समारोप

वरील चर्चेतून अभ्यासासाठी चार प्रश्न निष्पन्न होतात. देवालयात दैवतांची मांडणी केंद्र आणि परिवार अशी आहे, पंचायतनासारखी आहे, की समांतर आहे? ती मांडणी कोणी ठरविली : राजाने, कुलाचाराने, न्यासाने की छावणीच्या शिस्तीने? दैवते कोणी वाहून आणली : ग्रंथाने, व्यापाऱ्याने, मजुराने, शिपायाने की त्याच्या कुटुंबाने? आणि कोणती दैवते त्या मांडणीत नाहीत, ती वगळली गेली की त्यांच्या उपासकांनीच दूर राहणे पसंत केले? परदेशातील देवालयांवरील लेखन पहिल्या प्रश्नापाशी रेंगाळते आणि चौथ्यापर्यंत क्वचितच पोचते.

या चार प्रश्नांची पद्धतशीर तपासणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला परदेशी न जाताही करता येईल. कामठीतील देवळे, दर्गे, चर्च आणि विहार यांची, त्यांच्या विश्वस्तांच्या नोंदींची, उत्सवांच्या भाषेची आणि स्त्रियांच्या व्रतांची गल्लीवार पाहणी झाली, तर छावणीच्या वाटेने झालेल्या दैवतांच्या स्थलांतराचे एक प्रकरण लिहिले जाईल. त्याच्या शेजारी लॅनहम आणि मॉरिशस ठेवून पाहिले म्हणजे परदेशातील देवालयांत खरोखर नवे काय आहे आणि कोणत्या गोष्टी आपल्या गावांना पूर्वीपासून परिचित होत्या, याचा निवाडा अधिक भक्कम पायावर करता येईल.